खळीनं चिकटवलेली पानं

मी एक पुस्तक बोलतोय. आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. आजवर मला सगळ्यांनी गुणी, शांत, कपाटात शोभणारी वस्तू मानलं, त्याची ही परतफेड आहे.

मला एका बाईनं लिहिलं. ती कुणी विदुषी नव्हती. नवरा गेल्यावर ती एका खोलीत एकटी राहू लागली, आणि पहिल्याच आठवड्यात घरातले दिवे गेले. फ्यूज कुठे असतो हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. शेजारचे काका आले, त्यांनी फ्यूज बसवला आणि जाताना उंबऱ्यात रेंगाळत म्हणाले, "काही लागलं तर केव्हाही हाक मारा हं. तुम्ही एकट्या बाई." त्या 'हं'मध्ये काय होतं ते तिलाच ठाऊक. तिनं पुन्हा हाक मारली नाही. ती शिकली. फ्यूज बसवायला शिकली, नळाचा वॉशर बदलायला शिकली, अडकलेलं दार सोडवायला शिकली, गॅसचा वास आला तर आधी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते शिकली. रस्त्यात कुणी मागे लागलं तर कुठे वळायचं, मनगट पकडलं तर कुठल्या बाजूनं झटका द्यायचा, ओरडताना 'वाचवा' म्हणायचं की 'आग' म्हणायचं, हेही शिकली. आणि शिकलेलं सगळं तिनं माझ्यात उतरवलं. सोप्या भाषेत, चित्रं काढून.

शेवटी तिनं एक छोटं प्रकरण घातलं. त्याचं नाव 'निघून जाण्याचा हक्क'. त्यातलं एक वाक्य मी इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या वाक्यापायी घडलं. "ज्या खोलीतून तुम्हाला स्वतःच्या मर्जीनं बाहेर पडता येत नाही, ती खोली घराची असो वा कामाची, ती कोठडी आहे. तिला दुसरं नाव देऊ नका."

मी छापला गेलो, बांधला गेलो, दुकानात आलो. सुरुवातीचे दिवस बरे होते. एखादी मुलगी यायची, उभ्या उभ्या मनगटाचं चित्र बघायची, मैत्रिणीचं मनगट धरून तिथेच करून बघायची. दोघी हसायच्या. माझ्या पानांना बोटांचे डाग पडायचे. पुस्तकाला आणखी काय हवं?

मग माझ्यावर संकट आलं. मला मान मिळाला.

कुठल्याशा सभेत जाणत्या मंडळींनी स्वावलंबन, सुरक्षितता आणि व्यक्तिस्वातंत्र्य या विषयांवरची चांगली पुस्तकं निवडली. त्यांत मी होतो. माझ्या मुखपृष्ठावर एक तांबडा गोल कागद चिकटवला गेला: 'शिफारस केलेले पुस्तक'. त्या दिवसापासून मला कुणी उघडलं नाही. लोक मला एकमेकांना देऊ लागले. देणाऱ्यानं मला वाचलेलं नसायचं आणि घेणारा वाचणार नसायचा. माणसांची ही खोड मला तेव्हा कळली. जे करायचं नसतं, त्याची ती शिफारस करतात.

असाच मी, माझ्यासारख्या आणखी काही पुस्तकांबरोबर, एका लाँड्रीत पोचलो.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं टपरीवजा दुकान नव्हे. इथे हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी, टॉवेल आणि तिथल्या नोकरांचे गणवेश ट्रकनं यायचे. धुण्याचा भाग पुढे, आणि मागच्या बाजूला इस्त्रीचा लांबलचक हॉल. त्यात एका भिंतीला वाफेचे नळ, मधे मोठा रोलर, बाजूला खळीचा हंडा, आणि टेबलांच्या रांगेत उभ्या बाया. खिडक्या होत्या, पण उंचावर आणि जाळी ठोकलेल्या. दार एकच. पाळी सुरू झाली की ते बाहेरून बंद व्हायचं. कडीला कुलूप, आणि किल्ली चौकीदाराच्या कमरेला.

मी तिथे का आलो, ते मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. मी येण्याआधी थोडेच दिवस तिथे रोलरची मोटर जळली होती. हॉलभर काळा धूर झाला. बाया दारावर तुटून पडल्या. चौकीदार किल्लीसकट पुढच्या फाटकावर ट्रक लावून घेत होता. दारावर थापा मारून मारून सगळ्यांचे तळहात सुजले, तेव्हा कुठे दार उघडलं. जीव कुणाचा गेला नाही. पण रोलरवर चादरी सोडणारी एक मावशी दारापाशीच कोसळली, ती शुद्धीवर आली ती छातीत धाप घेऊनच. त्यानंतर ती काम करताना दर थोड्या वेळानं उगाच दाराशी जायची, एक हात दाराला लावायची आणि परत यायची.

आता सांगा, शहाण्या माणसानं यावर काय केलं असतं? कुलूप काढलं असतं. मॅनेजरनं पुस्तकं आणली!

हो. कुलूप तसंच ठेवून आमची फळी भिंतीला ठोकली. रिबीन कापली, फोटो काढला. मॅनेजर म्हणाला, "सुरक्षितता ही प्रत्येकीची स्वतःची जबाबदारी आहे. स्वावलंबी बना. वाचा!" बायांनी टाळ्या वाजवल्या. कारण टाळ्या संपल्याशिवाय जेवणाची सुट्टी होणार नव्हती.

फोटोसाठी हातात धरायला म्हणून मॅनेजरनं मलाच उचललं होतं, आणि उघडलं नेमकं शेवटच्या प्रकरणाशी. हसता हसता त्याची नजर खाली गेली. फोटोत त्याचा चेहरा कसा आला असेल, देव जाणे. मंडळी पांगल्यावर त्यानं देखरेख करणाऱ्या बाईला बोलावलं. तिच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून सगळ्या तिला पाठीमागे 'शिट्टी' म्हणायच्या.

"बाई, ही पानं बघितली का?"

शिट्टीनं वाचली. "फाडू का, साहेब?"

"फाडता कशाला? फाडलेलं डोळ्यांवर येतं. चिकटवा. छपाईचा दोष वाटेल."

"डिंक नाहीये."

"एवढी हंडाभर खळ आहे ना तिथे!"

आणि तिनं चिकटवली. चादरींना लावायची खळ, ब्रशनं, पानापानाला, कोपऱ्यापर्यंत. मग मला दाबून बसवण्यासाठी वर इस्त्री ठेवली. माणसाच्या तोंडावर हात दाबून धरतात ना, तसं. मी ओरडू शकत नव्हतो. मी स्वतः ओरडायला शिकवणारं पुस्तक, आणि माझंच तोंड बंद!

मला सुतळीनं फळीला बांधलं, चोरीला जाऊ नये म्हणून. मला चोरणार कोण होतं? पण त्या जागी प्रत्येक गोष्टीवर आधी चोरीचाच संशय घ्यायची पद्धत होती.

फक्त एक चूक झाली. फळी ठोकायला जागा शोधली ती वाफेच्या नळाच्या वर. तिथेच भिंत मोकळी होती ना! दिवसभर खालून वाफ यायची. माझी पानं फुगली, मुखपृष्ठ वाकडं झालं, तांबडा कागद सुरकुतला. आणि खळ? आयुष्य खळीत घालवलेल्या माणसांना हे आठवू नये? वाफेनं खळ सुटते. कडक चादर वाफेखाली मऊ पडते, हे तिथे रोज बघायला मिळायचं. एका दुपारी माझं पहिलं चिकटलेलं पान चर्र आवाज करत सुटलं.

तो आवाज भिंगरीनं ऐकला.

भिंगरी त्या मावशीच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. कॉलरच्या इस्त्रीवर असायची. पाय एका जागी ठरत नाहीत, म्हणून भिंगरी. सुट्टीत जेवण उरकलं की ती फळीखाली उभी राहायची आणि मला, सुतळी पुरेल तेवढं खाली ओढून, मोठ्यानं वाचायची. मनगट सोडवण्याचं प्रकरण तिनं वाचलं तेव्हा सगळ्या हॉलभर बाया एकमेकींची मनगटं पिळत होत्या. किती दिवसांनी माझ्यावर बोटं उमटत होती!

त्या दुपारी तिनं नखानं हळूच सगळी पानं मोकळी केली आणि वाचली. 'कोठडी' हा शब्द आला तसं तिनं दाराकडे पाहिलं. मग सगळ्यांत जुनी बाई, जिला सगळ्या आजी म्हणायच्या, डबा पुसत म्हणाली, "हे दार ना, अगदी आमच्या ह्यांच्यासारखं आहे. आम्ही आत, आणि कडी ह्यांच्या हातात."

बाया हसल्या. मावशी हसली नाही. ती दाराशी होती.

"मावशे, मी साहेबांना विचारते," भिंगरी म्हणाली.

"नको गं. मला इथून काढलं तर मी जायचं कुठे? हात लावून बसते मी दाराला. चालतंय माझं."

"तुझं चालतंय, पण माझं नाही चालत!"

ती गेली. माझी सुतळी सोडून, मला काखेत घेऊन, चौकीदारानं गठ्ठे न्यायला दार उघडलं त्या वेळी. मॅनेजरच्या खोलीत पंखा होता, आणि दार सताड उघडं होतं. हे मी मुद्दाम सांगतो.

"साहेब, कुलूप काढा. नुसतं दार लोटून ठेवा, पण कुलूप नको."

"अगं, चादरी जातात बाहेर."

"डबल बेडची चादर, साहेब. ती काय मी अंबाड्यात खोचून नेणार?"

मॅनेजरला हसू आलं, ते त्यानं गिळलं. "हे बघ, दार बंद असतं ते तुमच्याच सुरक्षिततेसाठी. सगळ्या बायका आत, बाहेरचा कुणी शिरला तर?"

"शिरू नये म्हणून आतून कडी लावतो आम्ही. आमच्या हातांनी."

"तू फार वाचायला लागलीस." त्यानं मला बघितलं, माझी सुटलेली पानं बघितली, आणि त्याचा चेहरा बदलला. "वाचतेस ते चांगलं आहे. पण पुस्तकातलं पुस्तकात ठेवायचं असतं. जा. कॉलर गार होतील."

पुस्तकातलं पुस्तकात! हे वाक्य मी याआधीही ऐकलं होतं. दुकानात, सभेत, बक्षीस समारंभात. वेगवेगळ्या गोड शब्दांत. पण इतक्या उघड्या तोंडानं पहिल्यांदाच. मला त्या क्षणी दात असते तर मी चावलो असतो.

भिंगरी परत आली, तिच्या मागे दार लागलं, कुलूप खट्ट झालं. ती फळीखाली बसून रडली. रागानं रडली, तसलं रडणं मला आवडतं. मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली, आणि सवयीनं उठून दाराशी गेली. दाराला हात लावला. यावेळी हात तिथेच राहिला.

"भिंगरे."

"काय?"

"हे दार आत उघडतं ना? मग बिजागऱ्या आपल्या बाजूला आहेत."

"मग?"

"मग तू त्या दिवशी वाचलं नव्हतंस का? ते अडकलेल्या दाराचं?"

भिंगरी ताडकन उठली. मॅनेजरनं माझं हक्काचं प्रकरण चिकटवलं होतं, पण दुरुस्तीच्या प्रकरणांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नळ, फ्यूज, बिजागरी, त्यात काय घाबरायचं! तिनं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. दार आत उघडत असेल तर बिजागरीचा सांधा आतल्या बाजूला येतो. मधली सळई खालून वर ठोका. आधी खालची बिजागरी, शेवटी वरची. गंजली असेल तर तेल सोडा.

"तेल रोलरचं आहे," एक जण म्हणाली.

"ठोकायला खळ ढवळायची सळी घ्या," दुसरी म्हणाली.

"आणि शिट्टी?"

सगळ्यांनी शिट्टीकडे पाहिलं. ती हॉलच्या टोकाला उभी होती. कुलूप लागायचं तेव्हा तीही आतच असायची. हे आम्हा कुणाच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. धुराच्या दिवशी तिनं दारावर थापा मारल्या होत्या, तिचेही तळहात सुजले होते. ती तोंड फिरवून टॉवेलांचे गठ्ठे सरळ करायला लागली.

खालची सळई हलेना. वर्षानुवर्षांच्या वाफेनं गंजून बसलेली. तेल झालं, ठोकणं झालं. भिंगरीनं सळीवर इतका जोर लावला की हात सोलवटला. "सरक," मावशी म्हणाली, आणि तापलेली इस्त्री आणून बिजागरीला टेकवून धरली. चर्र झालं. धाप लागत होती तरी तिनं इस्त्री सोडली नाही. "आता मार." भिंगरीनं मारलं. सळई बोटभर वर आली, आणि मग सुटलीच.

वरची सळई निघाली तेव्हा चौघींनी दार धरलं आणि बिजागरीच्या बाजूनं आत ओढलं. दार करकरलं, आणि उलट्या बाजूनं उघडलं. कडी वाकली, पण कुलूप जागच्या जागी होतं. बंद! दार त्या कुलपाला धरून तिरकं उभं होतं, आणि उजेड आत येत होता.

मावशी आधी बाहेर पडली. अंगणात जाऊन उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला, खोकली, पुन्हा घेतला. मग बाकीच्या. मला कुणीतरी काखेत घेतलं होतं.

चौकीदार धावत आला. कमरेची किल्ली चाचपत ओरडला, "अहो, असं कसं? किल्ली तर माझ्याकडे आहे!"

"ठेवा हो दादा, तुमच्याकडेच ठेवा," आजी म्हणाली. "आम्हाला नाही लागली."

मॅनेजर आला. त्यानं आधी कुलूप ओढून पाहिलं. शप्पथ सांगतो, उघड्या दारासमोर उभं राहून त्यानं कुलूप नीट लागलंय का ते पाहिलं!

"कुणी केलं हे?"

"पुस्तकानं," भिंगरी म्हणाली आणि मला पुढे धरलं. "तुम्हीच दिलंत, साहेब. पान हे इथे आहे. वर तांबडा कागद बघा, शिफारस केलेलं आहे."

"सगळ्यांना काढून टाकीन!"

"काढा. आत या चादरी पडल्यात, त्या तेवढ्या तुम्ही इस्त्री करा. हॉस्पिटलचा ट्रक उभा आहे."

ट्रकवाल्यानं नेमका तेव्हाच हॉर्न वाजवला. बाया अंगणातून हलल्या नाहीत. सुतार बोलावला गेला. त्यानं दार बसवलं, आणि मग पेचकस हातात घेऊन मॅनेजरकडे बघत विचारलं, "कडी ठेवू का काढू?" मॅनेजर ट्रककडे बघत राहिला. "तूर्त काढा," म्हणाला.

तूर्त! हा शब्द मी विसरणार नाही. तो बोललेल्या माणसालाही विसरू देणार नाही.

त्याच दिवशी माझी शिक्षा ठरली. "ते पुस्तक बॉयलरमध्ये घाला," मॅनेजरनं शिट्टीला सांगितलं. ती मला घेऊन भिंगरीच्या टेबलापाशी आली. मग मुखपृष्ठ धरून एका झटक्यात ओढलं. माझी शिवण उसवली. पानं टेबलावर पडली, मुखपृष्ठ तिच्या हातात राहिलं.

"साहेबांना जळताना एवढं दिसलं की पुरे," ती म्हणाली. "बाकीचं मी काही पाहिलं नाही." आणि जाता जाता, भिंगरीकडे न बघता, "चिकटवताना मी ते वाचलं होतं गं."

मुखपृष्ठ जळलं. त्याच्यासोबत तो तांबडा कागदही जळला. मला त्याचं तिळभर दुःख नाही.

आता मी पुस्तक उरलो नाही. फ्यूजचं पान आजीच्या पिठाच्या डब्यावर चिकटवलेलं आहे. मनगटाचं पान कुणाच्या तरी मुलीच्या दप्तरात फिरतंय. बिजागरीचं पान मावशीनं घडी करून उशीखाली ठेवलंय. तिला सगळी अक्षरं लागत नाहीत, पण चित्र लागतं. कामाला येताना ती आजही दाराशी थांबते आणि कडी काढल्यावर जी भोकं उरली, त्यांतल्या एकात बोट घालून बघते. भोक रिकामं असलं की आत येते. आणि खळ लागून लागून कडक झालेलं ते शेवटचं प्रकरण भिंगरीकडे आहे. मी तिथूनच बोलतोय.

निरोप घेण्याआधी तुम्हाला सांगतो. तुमच्या कपाटात माझी भावंडं आहेत, मला माहीत आहे. काचेमागे, सरळ रांगेत, कुणीतरी भेट दिलेली. पहिल्या पानावर 'सप्रेम' आणि पुढची पानं एकमेकांना चिकटलेली. तुमच्या इथे तर खळही लागली नाही. ती पानं तुम्ही न उघडून चिकटवलीत! माझी दया नका करू, माझी शिफारस तर मुळीच नका करू. माझ्यावर तेल सांडा, माझं पान फाडून खिशात घाला, माझ्यातलं एक काम आज करून बघा.

आणि हे वाचून झालं की मला मिटून मान डोलवत बसू नका. उठा. जिथे बसला आहात तिथल्या दाराकडे जा, आणि बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत ते बघून या.